चार्ज कोणाकडे?

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या कुठल्याही कचेरीत कामासाठी गेलेला माणूस आधी विचारतो, ‘साहेब आहेत का?’ आणि उत्तर ‘नाही’ असं आलं की विचारतो, ‘मग चार्ज कोणाकडे आहे?’ ग्रामसेवकाची बदली झाली, चार्ज शेजारच्या गावच्या भाऊसाहेबांकडे. मुख्याध्यापिका बाई रजेवर, चार्ज सीनियर गुरुजींकडे. किन्हवलीच्या पोलीस ठाण्यातल्या मुख्य अधिकाऱ्यालाही सरकारी भाषेत प्रभारी अधिकारीच म्हणतात, म्हणजे पुन्हा ज्याच्याकडे चार्ज तो.

कचेरीतून बाहेर पडून बाजारपेठेत या. मोबाइलच्या दुकानात कोणीतरी म्हणतं, ‘जरा चार्जिंगला लाव रे.’ शेजारचा झेरॉक्सवाला ऑनलाइन अर्ज भरून द्यायचे चार्जेस सांगतो. एसटीची वाट पाहणारे दोघे कोणाला तरी चार्जशीट मिळाल्याचं बोलत असतात. ही चार्जशीट कोर्टातली की मुरबाड एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीतली, हे पुढची दोन वाक्यं ऐकल्याशिवाय कळत नाही. हॉटेलातल्या टीव्हीवर कुठल्याशा मोर्चावर लाठीचार्ज चाललेला असतो. तेवढ्यात फोन येतो की आजीला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून उद्या डिस्चार्ज आहे.

पद, वीज, पैसे, आरोप, मार. या पाच गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? बोलणाऱ्याला तो प्रश्न पडतही नाही, कारण संदर्भावरून अर्थ आपोआप लागतो. पण संबंध आहे, आणि तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका मालगाडीपर्यंत जातो. वाफेवरच्या नव्हे, जनावरांनी ओढायच्या.

रोमन लोक रस्ते बांधण्यात पटाईत होते, पण सामानाच्या गाड्यांचा शब्द त्यांनी शेजाऱ्यांकडून उचलला. आजच्या फ्रान्सच्या भूमीवर राहणाऱ्या गॉल या केल्टिक टोळ्यांच्या गाडीचं नाव लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ असं रुजलं. ज्युलियस सीझरने गॉलमधल्या युद्धांची हकिगत लिहिली, तीत या गाड्या येतात. पुढे त्यावरून क्रियापद झालं ‘कार्रिकारे’, म्हणजे गाडी भरणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्यातल्या ‘क’चा ‘च’ झाला आणि १३ व्या शतकात इंग्रजीच्या दारात उतरला तो ‘चार्ज’. गाडीवर माल चढवणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

याची भावंडंही आपल्या ओळखीची आहेत. ‘कार’ तर सरळच. ‘कॅरी’ म्हणजे वाहून नेणे, तीही याच घरातली. स्पॅनिशमधून ‘कार्गो’ आला. इटालियनमधून ‘कॅरिकेचर’ आलं: एखाद्याच्या नाकावर, हनुवटीवर चित्रकाराने जास्तीचा माल चढवला की झालं व्यंगचित्र. आणि ‘करिअर’ म्हणजे मुळात गाड्या जायचा रस्ता. दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगाव करिअर मार्गदर्शन शिबिराचे फलक लागतात. व्युत्पत्तीला धरून बोलायचं तर ती गाडीवाट दाखवायची शिबिरं. मला हा अर्थ चालू अर्थापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. गाडीवाटेला चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि बहुतेक गाड्या त्यांतूनच जातात.

चार्जचं कोडं सुटतं ते गाडी कशी भरतात हे आठवलं की. भातकापणी झाल्यावर भारे बांधून खळ्यावर न्यायचे असतात. गाडीत भारे रचताना दोन गोष्टी एकदम होतात. एक, रिकामी साटी भरते. दोन, कोणाच्या तरी मानेवर वजन येतं. पुढे जास्त रचलं तर जू बैलांच्या मानेवर दाबतं, मागे जास्त झालं तर गाडी उलाळते. भरणे आणि लादणे, एकाच कामाच्या या दोन बाजू. इंग्रजीतल्या चार्जचे झाडून सगळे अर्थ यांपैकी एका बाजूला जाऊन बसतात. बॅटरी, बंदूक, भूजल ही भरायची बाजू. पद, किंमत, आरोप, कर्ज ही लादायची बाजू.

आता खरी नवलाची गोष्ट. मराठीला ही गाडी कोणी दाखवलेली नव्हती. राज्यकारभारासाठी, कायद्यासाठी, शाळेच्या पुस्तकांसाठी वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात चार्जला मराठी प्रतिशब्द शोधले. ते जवळजवळ प्रत्येक वेळी येऊन थांबले ओझ्यापाशीच.

पदाचा चार्ज म्हणजे पदभार, कार्यभार, प्रभार. तिन्हींत भार. हा भार संस्कृतच्या ‘भृ’ धातूवरून आला, ज्याचा अर्थ वाहणे, उचलणे, पोसणे. त्याच धातूवरून आपलं साधं ‘भरणे’ आलं, म्हणजे गाडी भरण्याच्या दोन्ही बाजू मराठीत एकाच मुळाला लागल्या आहेत. भृत्य म्हणजे ज्याला पोसायचं तो नोकर. भर्ता आणि भार्या ही जोडीही तिथलीच: एक पोसणारा, दुसरी पोसली जाणारी. पहाटे उठून घर, गोठा आणि भातलावणी उरकणाऱ्या बाईला कोणी भार्या म्हटलं, तर भार नक्की कोण वाहतंय हे त्याला विचारायला हवं.

या ‘भृ’चे युरोपातही नातेवाईक आहेत. इंग्रजीत ओझं वाहण्याचं ‘बेअर’ हे क्रियापद त्यातलंच, आणि लॅटिनमध्ये ‘फेर्रे’, वाहून नेणे. या फेर्रेवरून आला ‘ट्रान्सफर’. चार्ज आणि भार यांचं रक्ताचं नातं नाही, ते अर्थापुरते भेटले. भार आणि ट्रान्सफर मात्र एका कुळातले. ट्रान्सफरची ऑर्डर आली की पदभार सोडावा लागतो, हे दोन भाऊबंद शब्द एकाच कागदावर रोज एकत्र येतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. डॉक्टर पेशंटला शहापूरहून ठाण्याला ‘रेफर’ करतात, तो शब्दही फेर्रेचाच: वाहून परत नेणे.

चार्ज देणं-घेणं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना भार हा शब्द अलंकारिक वाटणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचा चार्ज घ्यायचा म्हणजे जनरल रजिस्टर, कॅशबुक, बँकेचं पासबुक, पोषण आहाराच्या तांदळाची शिल्लक, डेडस्टॉक रजिस्टरातल्या खुर्च्या, घंटा, तराजू, नकाशे आणि किल्ल्यांचा जुडगा हे सगळं नोंदीशी ताडून पाहायचं. एक खुर्ची कमी भरली तर ती देणाऱ्याच्या काळात गेली की घेणाऱ्याच्या, यावर पुढे पत्रव्यवहार होतो. म्हणून अनुभवी माणूस यादी मोजल्याशिवाय सही करत नाही आणि नवखा माणूस चहा पिऊन सही करतो. कागदावर एक देणार, एक घेणार, आणि वेळ: मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर. दिवसाचे दोनच भाग, कारण दुपारी बाराच्या अलीकडे झालेल्या गोष्टीचा जाब एकाला आणि पलीकडे झालेल्या गोष्टीचा दुसऱ्याला विचारायचा असतो. जाणाऱ्याला ‘रिलीव्ह’ करतात. या शब्दाचा लॅटिनमधला अर्थ हलकं करणे. म्हणजे जुन्या गाडीतून माल उतरला, नव्या गाडीत चढला. एवढं चोख रूपक कोणी मुद्दाम रचलं असतं तरी जमलं नसतं.

आणि जागा रिकामी असेल तर ‘अतिरिक्त कार्यभार’. एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन पंचायती आल्या की कोणत्या वारी भाऊसाहेब कोणत्या गावी, हे गावकऱ्यांना पाठ करावं लागतं. भार तेवढाच, बैल कमी. प्रभारी ही तात्पुरती सोय असते. ती वर्षानुवर्षं चालली की पाटीवर प्रभारी आणि कामात वाली कोणीच नाही, अशी गत होते. हे शब्दाबाहेरचं झालं, पण बोलल्यावाचून राहवलं नाही.

प्रभार या शब्दाची आणखी एक गंमत बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तिथे विजेच्या चार्जलाही प्रभारच म्हणतात: धन प्रभार, ऋण प्रभार. पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे जे असतं तेच इलेक्ट्रॉनकडे असतं. फरक एवढाच की इलेक्ट्रॉनच्या प्रभारात कधी बदल होत नाही, तो रजेवर जात नाही, आणि विश्वातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनकडे तो अगदी सारखा असतो. प्रभार कूलोम या एककात मोजतात, आणि एक कूलोम व्हायला सुमारे ६२ हजार कोटी कोटी इलेक्ट्रॉन लागतात. २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा आकडा मोजून ठरत नाही. तो कायमचा ठरवून टाकला आहे आणि त्यावरून विजेची एककं बांधली आहेत.

पण विजेला चार्ज हा शब्द लागलाच कसा? बंदुकीमार्गे. नळीत दारू ठासणे म्हणजे बंदूक चार्ज करणे, भरायच्या बाजूचा अर्थ. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत ‘चार्जमन’ नावाचं पद असतं, ते मात्र लादायच्या बाजूचं, देखरेख करणाऱ्याचं. दारूगोळ्याच्या खात्यात दोन्ही चार्ज शेजारी शेजारी बसलेले आहेत. शस्त्र भरून, रोखून तयार ठेवण्यावरून पुढे ‘तुटून पडणे’ हा अर्थ आला. आधी घोडदळाचा चार्ज आणि आपल्याकडे लाठीचा. लाठीत भरायला काही नसतं, तरी शब्द चिकटला.

१७४५-४६ च्या सुमारास जर्मनी आणि हॉलंडमध्ये काचेच्या बाटलीत वीज साठवता येते असं दिसलं. त्या बाटलीला हॉलंडमधल्या लायडन शहराचं नाव पडलं. तीत वीज ‘ठासली’ आणि हात लावला की बार उडाल्यासारखा झटका बसायचा, मग तिलाही बंदुकीची भाषा लागू झाली. १७४७ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन फिलाडेल्फियाहून लंडनला पीटर कॉलिन्सनला आपल्या प्रयोगांची पत्रं लिहू लागला. धन आणि ऋण ही नावं त्यानेच रूढ केली, आणि अशीच वीज साठवणारी काचेची अनेक तावदानं एकत्र जोडली तेव्हा त्या जोडणीला म्हटलं ‘बॅटरी’. तोफांच्या रांगेला बॅटरी म्हणत, तिथून. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये अशी एक अख्खी तोफखान्याची भाषा शांत बसलेली आहे.

फ्रँकलिनच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती. चार्ज केलेल्या बाटलीत आधीपेक्षा जास्त वीज नसते! जेवढी आतल्या बाजूला वाढते तेवढीच बाहेरच्या बाजूची कमी होते. मोबाइलचंही तसंच आहे. रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी शंभर टक्के झालेल्या बॅटरीत रात्रीपेक्षा एकही इलेक्ट्रॉन जास्त नसतो. चार्जर एका टोकाने इलेक्ट्रॉन खेचतो आणि दुसऱ्या टोकाने ढकलतो, त्याबरोबर लिथियमचे आयन आतल्या आत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात. पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरताना १८,००० कूलोम प्रभार असा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो, आणि एकूण शिल्लक शून्यच राहते. साठते ती ऊर्जा.

मग फुल चार्ज झालेल्या फोनचा भार वाढतो का? भारतातल्या शाळेत आइन्स्टाइनचं जे समीकरण सगळे पाठ करतात, ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग, त्यात या बॅटरीची ऊर्जा घालून पाहा. उत्तर येतं एक अब्जांश ग्रॅमहूनही थोडं कमी. कुठल्या वजनकाट्यावर हे दिसायचं नाही. पण वाढतो. म्हणजे विजेच्या चार्जला ‘विद्युतभार’ म्हणणारे अजाणता का होईना, बरोबर बोलत होते.

आरोपाकडे येऊ. कोणावर चार्ज ठेवणे म्हणजे त्याच्यावर दोष लादणे, हे आता सांगायला नको. मराठीत त्याला आरोप म्हणतात, आणि आरोप म्हणजे संस्कृतात वर चढवणे, ठेवणे. झाड लावलं की वृक्षारोपण, दोष लावला की दोषारोप. चार्जशीट हे म्हणून दोषारोपपत्र. एसटीच्या थांब्यावर होणारा घोळ एकदा सोडवून टाकतो. तपास संपल्यावर पोलीस कोर्टात देतात ते दोषारोपपत्र. ते वाचून, दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीश ‘आरोप निश्चित’ करतात, ती वेगळी पायरी. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी या दोन पायऱ्या राहिल्या. कंपनीतली चार्जशीट याहून निराळी: कामगारावर गैरवर्तनाचा आरोप ठेवणारं ते कंपनीचं पत्र असतं, त्यावर खुलासा मागतात आणि खात्यांतर्गत चौकशी होते. तिला कोर्टाची चार्जशीट समजून घाबरू नये, आणि नुसतं पत्र समजून उत्तर द्यायचंही टाळू नये.

किंमत हा अर्थही लादण्याचाच; खात्यावर रक्कम चढवली की झाला चार्ज. इथे मात्र मराठीने ओझं सोडून दिलं. महावितरणचं बिल काढून पाहा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. हा आकार ‘आकारणी’तला. शेतसाऱ्याच्या हिशेबातून तो बिलावर आला. मला वाटलं होतं की गाडीचा माग इथे सुटणार. पण वहन आकार हे ‘व्हीलिंग चार्ज’चं मराठी आहे. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे भाग पडून वीज बनवणारी, पारेषण करणारी आणि वितरण करणारी अशा कंपन्या वेगळ्या झाल्या. तारांवरून वीज घरापर्यंत आणून देण्याचे पैसे बिलात वेगळे दिसतात ते वहन आकाराच्या ओळीत. इंग्रजीत त्याला चाकाचं नाव दिलं, आणि व्हील हे आपल्या चाकाचंच, संस्कृत चक्राचं, नात्यातलं. मराठीत वह् धातूवरचं वहन वापरलं. वाहन त्याचंच, आणि दूर युरोपातले ‘वॅगन’ व ‘व्हेईकल’ही त्याच मुळाचे. म्हणजे बिलाच्या त्या एका ओळीत, इंग्रजीतून वाचा की मराठीतून, एक गाडी उभी आहे. वीज तारेतून येते, तिला चाक लागत नाही. भाषेला लागलं.

गाडी भरली की कधीतरी रिकामी करावी लागते. डिस्चार्ज म्हणजे उतरवणे. पेशंटचा डिस्चार्ज, आणि पावसाळ्यात धरणाचा. भातसाचे दरवाजे उघडतात तेव्हा बातमीत विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला जवळजवळ निम्मा साठा या एका भातसाचा, आणि ते धरण शहापूर तालुक्यात आहे. याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडूनही. त्याचं एक कारण जमिनीखाली आहे. काळ्या पाषाणात पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरात. उतारावरून बहुतेक पाणी वाहून जातं. विहीर भरायची तर ते अडवून मुरवावं लागतं. त्याला म्हणतात भूजल पुनर्भरण, इंग्रजीत ग्राउंडवॉटर रिचार्ज. पुन्हा भृ, पुन्हा गाडी. फोनचा रिचार्ज संपला तर दुकान आहे, विहिरीचा रिचार्ज एकाच हंगामात होतो.

सगळ्यात चोख भाषांतर मात्र कुठल्या पंडिताने केलेलं नाही. ते सातबाऱ्यावर आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मध्ये ‘चार्ज’ सांगितला आहे: जमीन मालकाच्याच नावावर राहते, पण कोणाचं तरी येणं तिच्यावर चढतं. सोसायटीचं पीककर्ज घेतलं, इकरार केला, की तलाठ्याकडे फेरफार होऊन ‘इतर अधिकार’ या रकान्यात नोंद येते. त्या नोंदीला शेतकरी आणि तलाठी दोघंही म्हणतात बोजा. बोजा चढवला, बोजा उतरवला. गॉलच्या गाडीवानाला दुभाष्याने सांगितलं असतं, तर हा एक शब्द त्याला लगेच कळला असता.

तेव्हा वाचकहो, एक काम करा. आपला सातबारा काढून इतर अधिकाराचा रकाना बघा. कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकीचा दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो, तो ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही देता येतो. वडिलांनी कधीच फेडलेल्या कर्जाचा बोजा मुलाच्या सातबाऱ्यावर तसाच असतो आणि तो कळतो जमीन वाटून घ्यायच्या किंवा नवं कर्ज काढायच्या दिवशी. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून त्यावर बोजा गेलेला आहे, हे डोळ्यांनी पाहून घ्या.